खुब्याची चिठ्ठी

जर्मनीत मूल जन्मलं की आईबापाच्या हातात एक पिवळी वही येते. जन्मापासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंत ठरलेल्या वयाला ठरलेल्या तपासण्या, ऊ-१ ते ऊ-९, आणि प्रत्येकीचं पान त्या वहीत. यातली ऊ-३ बाळ चार-पाच आठवड्यांचं असताना होते. तिच्यात एक गोष्ट अशी असते जी आपल्याकडे सरसकट करत नाहीत: दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी. १९९६ पासून इथे ती प्रत्येक बाळाची करतात. माझ्या लेकीची झाली, आणि त्या दिवशी वहीसोबत हाडांच्या डॉक्टरांच्या नावाची एक चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो. ती चिठ्ठी नीट समजून घ्यायला आणि तिच्यावर वेळेत हालचाल करायला काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे. परक्या भाषेत तान्ह्या बाळाचा कागद हातात पडला की काय होतं, हे ज्यांच्यावर आलं आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्यावर येईल त्यांच्या थोडंफार उपयोगी पडावं.

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. माझं जर्मन बी-वनपर्यंतचं, म्हणजे मधल्या पातळीचं. दुकान, बस, शेजारपाजार एवढं निभावतं. चिऊ पोटात शेवटपर्यंत डोकं वर आणि ढुंगण खाली अशीच बसून राहिली, म्हणून सिझेरियन करावं लागलं. बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली होती. तिला नातीचं फार कौतुक: "पायाळू आहे गं आपली!" तिच्या लहानपणी गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचे. ती हे इतक्यांदा सांगायची की नवराही म्हणायला लागला होता, मोठी झाली की पहिला पाय माझ्या पाठीला.

ऊ-३ ला बाळाला एका अरुंद, मऊ पाळण्यासारख्या साच्यात कुशीवर झोपवतात, म्हणजे ते हलत नाही. कमरेवर कोमट जेल लावतात आणि प्रोब अगदी सरळ धरून चित्र घेतात. उजवी बाजू पटकन झाली. डावीकडे डॉक्टरीणबाई थांबल्या. चित्र गोठवलं, रेषा ओढल्या, पुसल्या, परत चित्र घेतलं. चिऊला भूक लागली होती, ती रडून लालबुंद झाली. बाई चांगल्या आहेत, इंग्रजीही थोडं बोलतात, पण घाई झाली की जर्मनवर येतात. त्या रडण्यात माझ्या कानावर एवढं पडलं की डावा खुबा अजून पुरता तयार नाही, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवायला हवं, घाबरू नका. पुढचं कपडे चढवता चढवता निसटलं. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने चिठ्ठी छापून दिली, गोड हसून "आलेस गुटे", म्हणजे सगळं चांगलं होवो, म्हणाली, आणि आम्ही बाबागाडी ढकलत रस्त्यावर आलो.

या चिठ्ठीला इथे युबरवायझुंग म्हणतात. साध्या वहीच्या अर्ध्या पानाएवढा छापील नमुना, देशभर एकच. वर डाव्या कोपऱ्यात विमा कंपनीचं नाव, बाळाचं नाव, जन्मतारीख. मग बारीक चौकोन, त्यातल्या एकावर फुली. कुणाकडे पाठवलं ती ओळ. खाली तीन जागा: निदान किंवा संशयित निदान, आतापर्यंत काय आढळलं, आणि काय करून हवं आहे. आमच्या कागदावर या तीन जागांत मिळून जेमतेम चार ओळी होत्या, आणि त्या चार ओळींत पूर्ण शब्द बोटावर मोजण्याइतके. बाकी सगळी आद्याक्षरं, टिंबं, रोमन आकडे आणि अंशाची खूण.

नवऱ्याने फोनवर फोटो काढून भाषांतर करून पाहिलं. पूर्ण शब्द नीट आले. पण गोम सगळी त्या आद्याक्षरांतच होती आणि ती ॲपने जशीच्या तशी ठेवली. 'लि.' म्हणजे डावा हे आम्हाला येत होतं. 'बीईएल' काय, 'फाऊ. आ.' काय, 'ट्यूप दोन-क' काय, काही कळेना. निदानापुढे एक सांकेतिक क्रमांक होता, क्यू ६५.८. तो इंटरनेटवर सापडला आणि माझ्या काळजात धस्स झालं. खुब्याच्या इतर जन्मजात विकृती, असं त्या क्रमांकाचं शीर्षक. त्याच पानावर प्लास्टरमधली बाळं, ऑपरेशनचे फोटो, लंगडणारी मोठी माणसं. चिऊ माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी तिचे दोन्ही पाय पुन्हा पुन्हा शेजारी धरून मापत होते. आईने विचारलं, "काय लिहिलंय गं त्यात?" मी म्हटलं, "कळलं की सांगते." तिने दिवा मालवला नाही, शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आमची हेबामे येणार होती. हेबामे म्हणजे शिकलेली, परवानाधारक सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येऊन आईची आणि बाळाची तपासणी करते, पहिले दहा दिवस रोजसुद्धा येऊ शकते, पुढे गरजेप्रमाणे बारा आठवड्यांपर्यंत, आणि पैसे विमा भरतो. या देशातल्या माझ्या सगळ्या अनुभवांत या एका व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. तिने आधीच सांगितलं, निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टर सांगतील. पण कागद कसा वाचायचा ते दाखवते. आणि पेन्सिल घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

तिने पहिलंच जे सांगितलं त्याने माझा जीव बराचसा भांड्यात पडला. ही चिठ्ठी तुझ्यासाठी लिहिलेलीच नाही, ती म्हणाली. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेली आहे. तुला कळली नाही याचा तुझ्या जर्मनशी फारसा संबंध नाही; माझ्याकडच्या जर्मन बाळंतिणींनाही ती कळत नाही. तू फक्त तीन गोष्टी शोधायच्या. त्यांना किती खात्री आहे, दुसऱ्या डॉक्टरकडून काय करून हवं आहे, आणि किती लवकर.

खात्री किती, हे त्या भीतिदायक क्रमांकाच्या शेपटीला असतं. इथे प्रत्येक निदानाच्या क्रमांकामागे एक अक्षर जोडतात. जी असेल तर निदान पक्कं. व्ही, म्हणजे जर्मनमध्ये फाऊ, असेल तर नुसता संशय. झेड असेल तर पूर्वी होऊन गेलेलं, आणि ए असेल तर तपासलं आणि तसं काही नाही असं ठरलं. अवयव जोडीचा असेल तर बाजूसाठी आणखी एक अक्षर: आर उजवी, एल डावी, बी दोन्ही. आमच्या क्रमांकामागे व्ही आणि एल होतं. डाव्या बाजूला संशय. रात्री ज्याला मी लेकीवर बसलेला शिक्का समजत होते तो एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नव्हतं. 'फाऊ. आ.' चाही अर्थ तोच, 'चा संशय'. आणि बीईएल म्हणजे बेकनएंडलागं, बाळ पोटात उलटं असणं. आईचं पायाळू! ढुंगण खाली करून बसलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा कच्चा राहण्याची शक्यता जास्त असते, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त, आणि उजव्यापेक्षा डाव्या बाजूला जास्त. आमच्या चिऊत तिन्ही जमून आलं होतं. म्हणूनच डॉक्टरीणबाईंनी ती तीन अक्षरं चिठ्ठीत घातली होती.

हेबामेने पिवळी वहीही उघडली. तिथे बाईंनी हृदय, पोट, डोळे यांच्यापुढे 'ओ. बे.' लिहिलं होतं. हे ओने बेफुंड, शब्दशः काही आढळलं नाही, म्हणजे सगळं छान. इथे डॉक्टर 'लक्षवेधी' म्हणाले तर काळजी करायची, आणि 'लक्षवेधी नाही' म्हणाले तर पेढे वाटायचे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे कागद आपोआप उलगडतात.

काय करून हवं आहे, त्या जागेत लिहिलं होतं: पुन्हा सोनोग्राफी आणि उपचार. वरच्या चौकोनांपैकी फुली होती ती 'पुढील उपचार' या चौकोनावर. नुसतं मत हवं असतं तर वेगळा चौकोन आणि एखादीच ठरावीक तपासणी हवी असती तर तिसराच. याचा अर्थ हाडांचे डॉक्टर स्वतः ठरवून उपचार सुरू करू शकत होते, आम्हाला मध्ये परत बालरोगतज्ज्ञांकडे यायला लागणार नव्हतं. राहिलं किती लवकर. त्यासाठी चिठ्ठीत जो शब्द होता त्याचा अर्थ 'लवकर' एवढाच. लवकर म्हणजे या आठवड्यात की या महिन्यात, ते कागदावर नव्हतं. हेबामे म्हणाली, हे डॉक्टरांनाच विचार. फोन कर आणि बोलायला वेळ माग. तो तुझा हक्क आहे.

हक्क हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. जर्मनीत २०१३ पासून रुग्णहक्कांचा कायदा आहे. डॉक्टरने रुग्णाला, आणि लहान मूल असेल तर आईबापाला, तोंडी आणि समजेल अशा पद्धतीने सांगितलं पाहिजे, असं तो म्हणतो. आपले कागद पाहण्याचा आणि त्यांची प्रत घेण्याचाही हक्क देतो. मात्र दुभाष्याचा खर्च सरकारी विमा सहसा देत नाही. सोबत कुणाला तरी आणा, असंच ऐकू येतं. तेव्हा कायद्यातलं 'समजेल असं' प्रत्यक्षात उतरवायची बरीच मेहनत परक्या देशातल्या आईबापालाच करावी लागते. याबद्दल मला वाईट वाटतं. माझ्याकडे बी-वन होतं, नवरा होता, हेबामे होती. ज्या बाईकडे यातलं काहीच नाही, तिच्या मांडीवरचं बाळही तेवढंच तान्हं असतं.

मी फोन केला. बाईंनी दवाखाना संपायच्या वेळेला उलट फोन करायचं कबूल केलं. तोवर मी आणि नवऱ्याने प्रश्न जर्मनमध्ये लिहून काढले, सोप्या वाक्यांत, एका वाक्यात एकच गोष्ट. नेमका कशाचा संशय आहे? तिला आत्ता दुखतंय का? जास्तीत जास्त किती दिवसांत दाखवायचं? आणि तोवर घरी काय करायचं नाही? शेवटचा प्रश्न आईमुळे सुचला. ती रोज पाय लांब करून त्यावर चिऊला घालून तेल लावायची, पायांची उलटसुलट घडी घालायची, मग न्हाऊ घालून दुपट्यात घट्ट गुंडाळायची, पाय सरळ राहावेत म्हणून.

फोनवर मी सुरुवातीलाच सांगितलं, मी हळू बोलते, तुम्हीही हळू बोला, आणि मध्ये मध्ये मी जे समजले ते परत म्हणून दाखवेन. हे परत म्हणून दाखवणं सगळ्यात कामाला आलं. बाई म्हणाल्या, चौदा दिवसांच्या आत. मी म्हटलं, म्हणजे दोन आठवड्यांनी? नाही, त्या म्हणाल्या, दोन आठवडे संपायच्या आधी, शक्यतो पुढच्याच आठवड्यात. परत म्हटलं नसतं तर हा फरक राहूनच गेला असता. दुखत नाही, त्या म्हणाल्या. तेल लावायला हरकत नाही, पण पाय ओढून सरळ करायचे नाहीत आणि सरळ बांधून ठेवायचे तर अजिबात नाहीत. का, ते ऑर्थोपेडिक डॉक्टर चित्र दाखवून सांगतील. आणि त्यांनी चिठ्ठीवर तातडीचा कोड घालून द्यायचं ठरवलं. नवरा दुसऱ्या दिवशी जाऊन नवी चिठ्ठी घेऊन आला.

या कोडबद्दल आवर्जून सांगते, कारण इथे कित्येक वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही तो माहीत नसतो. विशेषज्ञ डॉक्टरकडे थेट फोन केला की महिना-दीड महिन्यानंतरची तारीख मिळणं इथे नेहमीचंच. आम्हालाही पहिल्या ठिकाणी तेच उत्तर आलं. पलीकडची बाई उद्धट नव्हती, पण तिच्यापुढच्या तक्त्यात जागा नव्हती. पण पाठवणाऱ्या डॉक्टरने प्रकरण तातडीचं ठरवलं तर चिठ्ठीवर बारा अक्षरा-आकड्यांचा एक कोड येतो. तो घेऊन डॉक्टरची वेळ मिळवून देणाऱ्या सेवेच्या ११६ ११७ या क्रमांकावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर वेळ मागता येते, आणि चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. डॉक्टर निवडता येत नाही, कदाचित दुसऱ्या गावाला जावं लागतं. आम्ही त्यांना बाळाचं वय आणि चिठ्ठीतली 'दोन-क' ही नोंद वाचून दाखवली. तोवर ती खुब्याच्या कच्चेपणाची एक पायरी आहे हे कळलं होतं, त्यामुळे आवाजात चाचरणं नव्हतं. पुढच्याच आठवड्याची वेळ मिळाली, रेल्वेने अर्ध्या तासावरच्या गावात.

ते डॉक्टर उंच, पिकलेल्या केसांचे. इंग्रजी बोलू का, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, जर्मनच बोला, पण हळू, आणि चित्र दाखवून. त्यांना ते आवडलं असावं, कारण सोनोग्राफी झाल्यावर त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या-पांढऱ्या धुरकट चित्रात मला आधी काहीच दिसेना. मग त्यांनी बोटाने दाखवलं. ही गोल सावली मांडीच्या हाडाचं डोकं, अजून कूर्चेचंच आहे. ही वरून आलेली पांढरी कड म्हणजे कमरेचं हाड. आणि ती जिथे आत वळते तिथे या डोक्यावरचं छप्पर. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो होतो. ही त्या उखळीची वरची बाजू. त्यांनी कमरेच्या हाडाला धरून एक रेष ओढली, छपराला धरून दुसरी, आणि दोन्हींमधला कोन मोजला. त्याला अल्फा म्हणतात. साठ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर सांधा पक्व, पहिला प्रकार. उजवीकडे त्रेसष्ट. डावीकडे अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस ते एकोणपन्नास म्हणजे दोन-क. छप्पर आखूड आणि उभट, डोकं अजून जागेवर आहे पण घसरायला फार काही आडवं येणार नाही. राइनहार्ड ग्राफ नावाच्या ऑस्ट्रियन हाडांच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास ही मोजणी बसवली, आणि आता पहिल्या काही आठवड्यांतच हे दिसतं. पूर्वी मूल चालायला लागून लंगडल्यावर कळायचं.

लवकर का, तेही त्यांनी सांगितलं. हे छप्पर पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात भराभर वाढतं. त्या काळात मांडीचं डोकं उखळीच्या मध्यावर नीट बसवून ठेवलं की छप्पर त्याच्याभोवती स्वतःच घडतं. त्यासाठी मांड्या पोटाकडे दुमडलेल्या आणि बाजूला उघडलेल्या हव्यात. पाय सरळ ताणले की डोकं बाहेरच्या, वरच्या बाजूला ढकललं जातं. संशयाचं आता निदान झालं होतं, पण त्याच्यासोबत एक चित्र, एक कोन आणि एक उपाय आला होता. त्यामुळे त्या रात्रीसारखी भीती वाटली नाही.

घरी येऊन मी तेच चित्र कागदावर आईला काढून दाखवलं. मला धाकधूक होती. तिने आम्हा तीन भावंडांना याच हातांनी न्हाऊमाखू घातलं, जावांची बाळंतपणं केली. तिला वाटायला नको की तुझ्या बांधण्यामुळे असं झालं. आणि तसं नव्हतंच. चिऊ पोटातच तशी बसली होती. मी तिला जपानचंही सांगितलं. तिथेही तान्ह्यांना पाय सरळ करून गुंडाळायची रीत होती, १९७५ मध्ये ती सोडायची देशभर मोहीम झाली आणि खुबा निखळलेली मुलं पुष्कळ कमी झाली. आईने चित्र बराच वेळ पाहिलं. मग उठून उशी कमरेवर धरली, जसं मूल घेतात तशी, आणि म्हणाली, "म्हणजे कडेवर घेतल्यावर पाय असतात तसेच की! मग मान धरली की मी हिला खाली ठेवणारच नाही." पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना माझ्या जर्मनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, आजी अगदी बरोबर बोलल्या. मूल दोन्हीकडे पाय टाकून कमरेवर बसवतात तिथे खुब्याला तेच हवं असतं.

उपचार म्हणजे एक पट्टा. जवळच्या ट्युबिंगन शहराच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरून जाणारे मऊ पट्टे, मांड्यांखाली दोन पन्हळी आधार, मध्ये त्यांना फाकवून ठेवणारी दांडी, आणि खांदे व मांड्या जोडणाऱ्या मण्यांच्या दोऱ्या. कितवा मणी खाचेत अडकवायचा यावर मांडी किती वर राहील ते ठरतं. वैद्यकीय साहित्याच्या दुकानातल्या माणसाने तो चिऊच्या अंगावर बेतून दिला, मणी मोजून आमच्याकडून दोनदा अडकवून घेतला. अठरा वर्षांखालच्यांना यासाठी पदरचं काही भरावं लागत नाही. आंघोळीपुरता काढायचा, बाकी रात्रंदिवस अंगावर. पहिले दोन दिवस तिने रडून घर डोक्यावर घेतलं. नंतर अशी सवय झाली की पट्टा काढल्यावरही बेडकासारखे पाय वर करूनच पडून राहायची. आईने सगळी झबली बाजूने उसवून बंद लावले. जांघेत आणि गुडघ्यामागे वळ उठतात का ते रोज पाहायचं कामही तिनेच घेतलं. मणी मोजताना ती पुटपुटायची, आणि मला ते जपमाळेपेक्षा कमी वाटत नसे.

दर तपासणीनंतर मी कागदाची प्रत मागून घेऊ लागले. कुणी नाही म्हटलं नाही. हाडांच्या डॉक्टरांचं पत्र बालरोगतज्ज्ञांना जायचं, एक प्रत आमच्या फायलीत. मी फक्त डावीकडचा अल्फा शोधायचे. अठ्ठेचाळीसचे चोपन्न झाले. मग सत्तावन्न. शेवटच्या पत्रात दोन्ही बाजूंपुढे पहिला प्रकार लिहिलेला होता, डावीकडे एकसष्ट अंश, आणि त्याखाली पट्टा बंद. नवऱ्याला फोटो पाठवला तर तो मीटिंगमधून उठून बाहेर येऊन फोनवर रडला. चालायला लागली की एकदा एक्स-रे काढायचा आहे, त्याची चिठ्ठी वेळ आली की मिळेल.

या सगळ्यानंतर काही महिन्यांनी सांगलीला माझ्या वहिनीला दिवस गेले होते, तिचंही बाळ शेवटच्या सोनोग्राफीत उलटं होतं. आईने मला न विचारताच तिला सांगून टाकलं की बाळ पायाळू आहे तर खुब्याची सोनोग्राफी करून घ्यायचीच. मी वहिनीला फोन करून तपशील दिला: बाळ सहा आठवड्यांचं असताना करा, फार उशीर केला तर मांडीच्या डोक्यात हाड धरायला लागतं, मग सोनोग्राफीत नीट दिसत नाही आणि एक्स-रेवर जावं लागतं. डॉक्टरांना सांगायचं की बाळ उलटं होतं, आत्याच्या मुलीला हा त्रास होता, दोन्ही बाजूंचा अल्फा कोन लिहून द्या. तिच्या डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. रिपोर्ट आल्यावर दादाने फोनवर वाचून दाखवला. दोन्हीकडे पहिला प्रकार, उजवीकडे चौसष्ट, डावीकडे बासष्ट. आई मागून ओरडली, "तरीपण पाय बांधू नका म्हणावं!"